रात्री दोन दहाची ऑर्डर: डेटामध्ये वेळ कशी साठवायची

काही वर्षांपूर्वी मी ऑनलाइन विक्रीच्या एका डेटाबेसवर काम करत होते. मार्चअखेरचा रिपोर्ट देऊन झाला आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लेखा विभागातल्या बाईंचा फोन आला. "अहो, या पावतीवर एक एप्रिल छापलंय आणि तुमच्या रिपोर्टमध्ये ती एकतीस मार्चला दिसतेय. खरं कुठलं धरू?"

ऑर्डर पडली होती १ एप्रिलला रात्री २ वाजून १० मिनिटांनी. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असणाऱ्या जागतिक मूळ घड्याळावर, चालत होता. त्याच्या घड्याळात तेव्हा ३१ मार्चचे २० वाजून ४० मिनिटं झाली होती, आणि रिपोर्टच्या क्वेरीने त्या कॉलममधली तारीख होती तशी उचलली. म्हणजे १ एप्रिलच्या पहिल्या साडेपाच तासांतली प्रत्येक ऑर्डर मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसली होती. वर्षाच्या बेरजेतून हे कळलंही नसतं, कारण एका टोकाचे साडेपाच तास बाहेर गेले आणि दुसऱ्या टोकाचे आत आले, एकूण आकडा जवळपास तेवढाच राहिला. त्या बाई एकेक पावती जुळवत बसल्या म्हणून ते सापडलं.

डेटाच्या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला हे शिकवलं पाहिजे असं मला तेव्हापासून वाटतं. भारतात एकच टाइम झोन आहे, घड्याळ पुढेमागे करायची पद्धत नाही, त्यामुळे आपण लॅपटॉपवर लिहिलेला कोड वर्षानुवर्षं बरोबर चालतो. मग एक दिवस तो क्लाउडवर जातो, तिथलं घड्याळ यूटीसीवर असतं, आणि साडेपाच तासांची गडबड सुरू होते. खाली क्रमाने सांगते. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरा.

पायरी १: कॉलम बनवण्याआधी एक प्रश्न

"वेळ" हा शब्द आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. पहिली गोष्ट म्हणजे क्षण. पैसे खात्यातून गेले, कुणी लॉगिन केलं, सेन्सरने तापमान नोंदवलं, हे सगळे क्षण आहेत. पुण्यात बसून बघा नाहीतर टोरांटोत बसून, तो क्षण जगभर एकच असतो, घड्याळं फक्त वेगवेगळे आकडे दाखवतात.

दुसरी गोष्ट म्हणजे घड्याळवेळ, भिंतीवरच्या घड्याळात दिसणारा आकडा. दुकान सकाळी साडेनऊला उघडतं. औषधाची गोळी रात्री नऊला घ्यायची. हे वाक्य कुठल्याही गावात तसंच लागू पडतं आणि प्रत्येक गावात वेगळ्या क्षणी खरं होतं.

तिसरा प्रकार लोक विसरतात: निव्वळ तारीख. जन्मतारीख, सुट्टीचा दिवस, पावतीची तारीख. यात तास-मिनिटं नाहीतच, तर ती साठवूही नका. जन्मतारीख टाइमस्टॅम्पमध्ये, म्हणजे तारीख आणि वेळ एकत्र ठेवणाऱ्या टाइपमध्ये, ठेवली की ती मध्यरात्र होते. भारतातली मध्यरात्र यूटीसीत आदल्या दिवशीची संध्याकाळ असते, साडेसहाची. मग १५ ऑगस्टला जन्मलेलं मूल सिस्टिममध्ये १४ ऑगस्टचं होतं. डेटाबेसमध्ये "डेट" नावाचा टाइप यासाठीच आहे.

प्रत्येक कॉलमपुढे, टाइप निवडायच्या आधी, साध्या मराठीत लिहा: क्षण, घड्याळवेळ की तारीख. टेबलच्या वर्णनात ते कायमचं राहू द्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका शब्दावर उभ्या आहेत.

पायरी २: ऑफसेट आणि झोन यांत गल्लत नको

यूटीसी म्हणजे सगळ्यांनी मिळून मानलेलं मूळ घड्याळ. ऑफसेट म्हणजे त्यापासूनचं अंतर, आपलं +०५:३०, नेपाळचं +०५:४५. झोन म्हणजे नियमांची वही: या प्रदेशात कुठल्या तारखेपासून कुठला ऑफसेट लागू होता, हे तिच्यात लिहिलेलं असतं. आपल्या झोनचं नाव "एशिया/कोलकाता". जुन्या सिस्टिममध्ये "एशिया/कॅलकटा" असंही दिसेल, ते त्याचंच जुनं नाव आहे.

भारतात काम करणाऱ्याला वाटतं, +०५:३० लिहिलं काय आणि एशिया/कोलकाता लिहिलं काय, फरक शून्य. आजच्या तारखांसाठी ते खरंच आहे. पण त्या वहीची जुनी पानं उघडली की दुसऱ्या महायुद्धातली पानं लागतात, तेव्हा भारताची घड्याळं साडेसहा तासांवर होती. आपल्या मुंबईची गोष्ट तर आणखी निराळी. देशाची प्रमाणवेळ १९०६ साली आली, पण मुंबईत "बॉम्बे टाइम" त्यानंतरही कितीतरी दशकं चालू होता. ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. जुन्या मुंबईकरांची पत्रिका मांडताना ज्योतिषी "मुंबई टाइम की स्टँडर्ड टाइम?" असं विचारत, ते यासाठी. जुने दस्तऐवज डिजिटल करणाऱ्यांनी हा प्रश्न आजही विचारायला हवा, कारण एशिया/कोलकाता या वहीत मुंबईची ती ३९ मिनिटं नाहीत.

आणि "आयएसटी" ही तीन अक्षरं डेटामध्ये कधीच लिहू नका, हे मी हात जोडून सांगते. ती भारताची आहेत, इस्रायलची आहेत, आयर्लंडचीही आहेत. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मूळ सेटिंगमध्ये आयएसटी म्हणजे इस्रायल, +०२:००. तुम्ही "सकाळी १०:०० आयएसटी" असं लिहून पाठवलं तर पोस्टग्रेस ते ०८:०० यूटीसी म्हणून ठेवतो, आणि भारतात ते दुपारी दीड वाजता दिसतं. एरर येत नाही, इशारा येत नाही. १८व्या आवृत्तीपासून आधी सेशनच्या (डेटाबेसशी तुमच्या चालू जोडणीच्या) झोनमध्ये त्या अक्षरांचा अर्थ शोधला जातो, पण सेशन यूटीसीवर असेल तर पुन्हा इस्रायलच. साडेतीन तासांचा फरक दिसला की ही शक्यता पहिली तपासा.

पायरी ३: आपला डेटाबेस नक्की काय साठवतो ते हाताने बघा

इथे थोडं थांबायला हवं, कारण टाइपची नावं फसवी आहेत.

पोस्टग्रेसमध्ये दोन टाइप आहेत: "टाइमस्टॅम्प विदाउट टाइम झोन" आणि "टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन". नुसतं "टाइमस्टॅम्प" लिहिलं तर पहिला मिळतो. दुसऱ्याचं नाव वाचून वाटतं की तो वेळेबरोबर झोनही साठवत असेल. तो झोन साठवत नाही! दोन्ही टाइप आठच बाइट घेतात. दुसरा टाइप आत येणारी वेळ यूटीसीत बदलून ठेवतो आणि बाहेर देताना तुमच्या सेशनच्या झोनमध्ये बदलून दाखवतो. त्याला "क्षण" म्हणा. पहिला टाइप आकडे जसे दिले तसे ठेवतो. त्याला "घड्याळवेळ" म्हणा.

वाचून पुढे जाऊ नका, करून बघा. दोन कॉलमचं एक छोटं टेबल बनवा, एक कॉलम या टाइपचा, एक त्या. सेशनचा झोन एशिया/कोलकाता करा आणि दोन्हीत "२०२५-०४-०१ ०२:१०" टाका. आता झोन यूटीसी करून तीच रो (टेबलातली ओळ) वाचा. क्षणाचा कॉलम "२०२५-०३-३१ २०:४०:००+००" दाखवेल, घड्याळवेळेचा कॉलम अजूनही "०२:१०"च म्हणत असेल. आत काहीही बदललेलं नाही, बदलला तो दाखवायचा झोन.

आता यातली धोक्याची पायरी. घड्याळवेळेच्या कॉलममध्ये "२०२५-०४-०१ ०२:१०:००+०५:३०" असं ऑफसेटसकट टाका. पोस्टग्रेस तो +०५:३० मुकाट्याने फेकून देतो आणि ०२:१० ठेवतो. मग "२०२५-०३-३१ २०:४०:००+००" टाका. तोच क्षण आहे, पण या वेळी कॉलममध्ये २०:४० पडतं. मोबाइल ॲप एका पद्धतीने पाठवतंय, बॅकएंड दुसऱ्या पद्धतीने, दोघंही शिस्तीत ऑफसेट लावतायत, आणि कॉलममध्ये मात्र दोन झोनची खिचडी तयार होतेय. नंतर ती वेगळी करणं फार कष्टाचं असतं.

इतर डेटाबेसमध्ये हीच नावं उलटी-सुलटी होतात. मायएसक्यूएलमध्ये "टाइमस्टॅम्प" म्हणजे क्षण, "डेटटाइम" म्हणजे घड्याळवेळ. शिवाय तिथला टाइमस्टॅम्प १९ जानेवारी २०३८ ला ०३:१४:०७ यूटीसीला संपतो, त्यापुढची वेळ त्यात मावत नाही. वीस वर्षांच्या गृहकर्जाचे हप्ते साठवणाऱ्यांनी हे आजच लक्षात घ्यावं. बिगक्वेरीतही टाइमस्टॅम्प क्षण आणि डेटटाइम घड्याळवेळ. स्नोफ्लेकमध्ये मात्र नुसतं टाइमस्टॅम्प लिहिलं की मूळ सेटिंगनुसार घड्याळवेळ मिळते, आणि झोनचं सेटिंग कुणी हात लावेपर्यंत लॉस एंजेलिसवर असतं. अशा खात्यात "आत्ताची वेळ" झोन नसलेल्या कॉलममध्ये टाकली की कॅलिफोर्नियाच्या भिंतीवरचं घड्याळ साठवलं जातं. स्पार्क या अनेक मशीनवर मिळून (क्लस्टरवर) डेटा हाताळणाऱ्या साधनात टाइमस्टॅम्प म्हणजे क्षण, पण सेशनचा झोन ठरवून दिला नसेल तर तो मशीनचा झोन घेतो. म्हणून तीच क्वेरी तुमच्या लॅपटॉपवर एक तारीख देते आणि क्लस्टरवर दुसरी.

ऑफसेट खरोखर साठवणारे टाइपही आहेत, एसक्यूएल सर्व्हरमधला "डेटटाइमऑफसेट" त्यातला एक. ओरॅकलचा "टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन" झोनचं नावसुद्धा सांभाळतो. म्हणजे पोस्टग्रेसमधला आणि ओरॅकलमधला टाइप, नाव तेच, काम वेगळं.

एका सिस्टिममधून दुसरीकडे डेटा नेताना पार्के (टेबलचा डेटा ठेवायचा एक फाइल-प्रकार) फाइल वापरत असाल तर तिच्या वर्णनात प्रत्येक टाइमस्टॅम्प कॉलमसाठी एक खूण असते: हा यूटीसीला जुळवलेला आहे की नाही. फाइल दुसऱ्या टीमला देण्याआधी ती खूण एकदा डोळ्यांनी बघा. नंतरची भांडणं वाचतात.

पायरी ४: रूपांतराची दिशा

पोस्टग्रेसमधलं "ॲट टाइम झोन" हे रूपांतर दोन दिशांनी चालतं, आणि नव्या माणसाचा पाय इथे हमखास घसरतो. क्षणाच्या कॉलमवर लावलं तर अर्थ होतो: "या क्षणी त्या गावच्या घड्याळात किती वाजले होते?" उत्तर घड्याळवेळ. घड्याळवेळेच्या कॉलमवर लावलं तर अर्थ उलटा: "त्या गावच्या घड्याळात एवढे वाजले, तो क्षण कोणता?" उत्तर क्षण.

समजा तुमच्या जुन्या टेबलात झोन नसलेला कॉलम आहे आणि त्यात यूटीसीचे आकडे आहेत. आपली रात्री दोन दहाची ऑर्डर तिथे ३१ मार्च २०:४० अशी बसली आहे. तुम्हाला भारतीय वेळ हवी म्हणून तुम्ही "ॲट टाइम झोन एशिया/कोलकाता" लावता. पोस्टग्रेस म्हणतो, बरं, कोलकात्यात २०:४० वाजले होते तर, म्हणजे १५:१० यूटीसी. साडेपाच तास पुढे जायचं होतं, गेलो साडेपाच तास मागे. सेशन यूटीसीवर असेल तर स्क्रीनवर १ एप्रिल ०२:१० ऐवजी ३१ मार्च १५:१० दिसतं, अकरा तासांचा फरक. अकरा तासांचा फरक दिसला की दिशा चुकली आहे, दुसरं काही शोधत बसू नका.

बरोबर पद्धत दोन टप्प्यांची: आधी "ॲट टाइम झोन यूटीसी" लावून आकड्यांचा क्षण बनवा, मग त्यावर "ॲट टाइम झोन एशिया/कोलकाता" लावून घड्याळवेळ काढा. पायथॉनच्या पॅन्डास लायब्ररीत हेच दोन टप्पे "टीझेड लोकलाइज" आणि "टीझेड कन्व्हर्ट" या नावांनी आहेत. लोकलाइज म्हणजे आकड्यांना झोनची चिठ्ठी चिकटवणं, आकडे बदलत नाहीत. कन्व्हर्ट म्हणजे क्षण तोच ठेवून दुसऱ्या झोनचे आकडे काढणं.

मायएसक्यूएलमध्ये झोनच्या नावाने रूपांतर करताना उत्तर सारखं "नल" (म्हणजे रिकामं) येत असेल तर क्वेरी चुकलेली नाही. त्या सर्व्हरवर झोनची टेबलं भरलेलीच नसतात, ती ॲडमिनकडून भरून घ्या.

पायरी ५: कोडमधले तीन खड्डे

पायथॉनमधलं "यूटीसी नाऊ" हे फंक्शन यूटीसीचे आकडे देतं, पण ते यूटीसीचे आहेत ही चिठ्ठी लावत नाही. पुढे कुणी त्यावर "टाइमस्टॅम्प" हे फंक्शन बोलावलं की पायथॉन ते आकडे मशीनच्या स्थानिक वेळेतले समजतो. यूटीसीवरच्या सर्व्हरवर सगळं बरोबर, भारतातल्या लॅपटॉपवर साडेपाच तास चूक. पायथॉन ३.१२ पासून हे फंक्शन वापरू नका असा इशाराच येतो. "नाऊ" ला यूटीसी झोन देऊन बोलवा, चिठ्ठीसकट वेळ मिळते.

दुसरा खड्डा खास आपल्या वाट्याचा. पायटीझेड ही जुनी लायब्ररी वापरून एशिया/कोलकाता हा झोन वेळ बनवतानाच थेट जोडला, तर ऑफसेट +०५:३० ऐवजी +०५:५३ येतो. २३ मिनिटांचा हा फरक पाहून माणूस चक्रावून जातो. ती कलकत्त्याची जुनी स्थानिक सौर वेळ आहे, झोनच्या वहीतलं अगदी पहिलं पान. पायटीझेडला तारीख देऊन योग्य पान उघडायला सांगावं लागतं, त्याचं "लोकलाइज" फंक्शन तेच करतं. पायथॉन ३.९ पासून "झोनइन्फो" भाषेतच आलेलं आहे आणि त्याला हा त्रास नाही, नवीन कोडमध्ये तेच घ्या.

तिसरा जावास्क्रिप्टचा. "२०२५-०४-०१" अशी नुसती तारीख दिली की ती यूटीसीची मध्यरात्र धरली जाते, भारतात पहाटे साडेपाच. त्याच्याच पुढे तास-मिनिटं लिहिली आणि ऑफसेट दिला नाही, की ती स्थानिक वेळ धरली जाते. एकाच फॉर्ममधले दोन रकाने दोन नियमांनी वाचले जातात. सिस्टिमच्या बाहेर जाणारी प्रत्येक वेळ ऑफसेटसकट किंवा शेवटी यूटीसीची "झेड" ही खूण लावून पाठवा, म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागणार नाही.

आकड्यांत वेळ येत असेल, १९७० पासूनचे सेकंद वगैरे, तर आधी अंक मोजा. दहा अंक म्हणजे सेकंद, तेरा अंक म्हणजे मिलिसेकंद. १७०००००००० सेकंद म्हणजे भारतातली १५ नोव्हेंबर २०२३ ची पहाट. तोच आकडा मिलिसेकंद म्हणून वाचला तर २० जानेवारी १९७० येतं. डॅशबोर्डवर जानेवारी १९७० दिसलं की कारण बहुधा हेच.

पायरी ६: दिवस कुणाचा?

क्षण नीट साठवले तरी काम संपत नाही. "रोजची विक्री" असं कुणी म्हटलं की विचारा, कुणाचा रोज? भारतातला दिवस यूटीसीत १८:३० ला सुरू होतो आणि १८:३० ला संपतो. माझ्या मार्चअखेरच्या रिपोर्टमध्ये हाच प्रश्न कुणी विचारला नव्हता.

फिल्टर लावताना कॉलमचं रूपांतर करू नका, सीमांचं करा. "१ एप्रिल ००:००, एशिया/कोलकाता" आणि "२ एप्रिल ००:००, एशिया/कोलकाता" हे दोन क्षण काढा आणि कॉलम पहिल्याइतका किंवा नंतरचा, पण दुसऱ्याच्या आधीचा असं लिहा. असं केलं की इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) वापरला जातो. आणि २३:५९:५९ पर्यंतची "बिटवीन" लिहायची सवय सुटते, जिच्यात शेवटच्या सेकंदाच्या पोटातल्या ऑर्डरी हरवतात.

आता एक गोष्ट जी परदेशी लेखांमध्ये मला क्वचितच सापडली, कारण तिकडे ती बोचत नाही. मोठ्या डेटाची दर तासाची बेरीज करून ठेवायची आणि मूळ रो पुसून टाकायच्या, असं पुष्कळ ठिकाणी करतात. तास यूटीसीचे धरले तर लंडन, न्यूयॉर्क, टोकियोचा दिवस त्या तासांतून जुळतो, कारण त्यांचे ऑफसेट पूर्ण तासांचे आहेत. आपला अर्ध्या तासाचा. यूटीसीचा १८ ते १९ हा तास भारताच्या मध्यरात्रीवर मधोमध चिरला जातो, अर्धा आजचा, अर्धा उद्याचा. मूळ रो नसतील तर भारतीय दिवसाची अचूक बेरीज त्यानंतर कधीही काढता येत नाही. बेरीज अर्ध्या तासाची ठेवा. नेपाळमध्येही ग्राहक असतील तर पंधरा मिनिटांची. जागा थोडी जास्त लागते, लागू द्या.

रात्री चालणाऱ्या पाइपलाइनचंही तसंच. एअरफ्लो या कामं ठरल्या वेळी चालवणाऱ्या साधनात वेळापत्रक मुळात यूटीसीत असतं. "रोज रात्री एक" लिहिलं की ते आपल्याकडे सकाळी साडेसहाला चालतं, आणि "कालचा दिवस" म्हणून पहाटे साडेपाच ते पहाटे साडेपाच एवढा तुकडा उचलतं. वेळापत्रकालाच झोन द्या.

पायरी ७: पुढच्या तारखांसाठी यूटीसी पुरत नाही

"सगळं यूटीसीत ठेवा" हा सल्ला तुम्हाला जागोजागी मिळेल. घडून गेलेल्या क्षणांसाठी तो अगदी योग्य आहे. पुढे ठरलेल्या गोष्टींसाठी तो चुकतो.

पुण्यातली टीम आणि न्यू जर्सीतला ग्राहक, दर सोमवारी तिकडच्या सकाळी नऊला बैठक. उन्हाळ्यात ती आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला असते, हिवाळ्यात साडेसातला. यूटीसीचा एकच आकडा साठवला तर नोव्हेंबरपासून निम्मी माणसं तासभर आधी येऊन बसतील. न्यू जर्सीत न्यूयॉर्कचीच वेळ चालते, म्हणून इथे खरी गोष्ट "न्यूयॉर्कच्या घड्याळात नऊ" ही आहे. म्हणून घड्याळवेळ एका कॉलममध्ये, झोनचं पूर्ण नाव, "अमेरिका/न्यूयॉर्क", दुसऱ्या कॉलममध्ये. यूटीसीचा क्षण सोयीसाठी तिसऱ्यात ठेवा, पण झोनचे नियम बदलले की तो पुन्हा काढायचा हे धरून. नियम बदलतात, तेही ऐनवेळी. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनच्या सरकारने घड्याळं पुढे करायची तारीख शेवटच्या दिवसांत पुढे ढकलली आणि काही दिवसांत निर्णय फिरवलाही. म्हणून सर्व्हरवरची झोनची माहिती अद्ययावत ठेवणं हे नेहमीच्या देखभालीतलं काम समजा.

ज्या देशांत घड्याळ मागे करतात तिथे घड्याळातल्या काही वेळा एकाच रात्री दोनदा येतात. २ नोव्हेंबर २०२५ ला न्यूयॉर्कमध्ये रात्रीचा दीड दोनदा वाजला, पहिला आपल्या सकाळी अकराला, दुसरा दुपारी बाराला. त्याच वर्षी ९ मार्चला तिथे रात्रीचा अडीच वाजलाच नाही. झोन नसलेल्या कॉलममध्ये "०१:३०" पडलं तर त्यातला कुठला दीड, हे ऑफसेटशिवाय कुणीही सांगू शकत नाही.

पायरी ८: जुन्या कॉलमची तपासणी

बहुतेकांच्या हातात नवं टेबल येत नाही, दहा वर्षं जुनं येतं. झोन नसलेला कॉलम, वर्णन कोरं, लिहिणारा नोकरी सोडून गेलेला. तेव्हा डेटालाच विचारा.

एक, ठळक १८:३०:०० शोधा. कॉलममध्ये पुष्कळ रो नेमक्या १८:३०:०० ला असतील तर त्या भारतीय मध्यरात्री आहेत, यूटीसीत बदलून ठेवलेल्या, आणि बहुधा मुळात निव्वळ तारखा. ०५:३०:०० दिसलं तर उलटं झालंय: यूटीसीची मध्यरात्र भारतीय वेळेत.

दोन, माणसांची झोप बघा. तासानुसार किती रो आहेत त्याचा आलेख काढा. भारतातली माणसं रात्री तीन-चारला सगळ्यात कमी हालचाल करतात. आलेखाचा खड्डा तीन-चारवर असेल तर आकडे भारतीय वेळेतले. खड्डा रात्री साडेनऊ-साडेदहावर असेल तर यूटीसीतले. हाच आलेख महिन्यामहिन्याने काढा. एखाद्या महिन्यात खड्डा सरकला असेल तर त्या वेळी सर्व्हर हलवला होता किंवा कोड बदलला होता, आणि त्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे वेगवेगळं रूपांतर लागेल. दोन खड्डे एकदम दिसले तर दोन ठिकाणांहून दोन पद्धतींनी लिहिलं जातंय, रो कुठून आली ते सांगणारा कॉलम शोधा.

निदान झालं की जुना कॉलम तसाच राहू द्या, शेजारी क्षणाचा नवा कॉलम करा. जुन्या कॉलमचा टाइप थेट बदलायचा मोह आवरा. पोस्टग्रेसमध्ये तो बदलताना "यूझिंग" लिहून झोन सांगितला नाही, तर त्या घडीला सेशनचा जो झोन असेल तो सगळ्या रोंना लागतो, आणि मायग्रेशन, म्हणजे हा टेबलबदल, चालवणारा माणूस कुठल्या मशीनवर बसलाय यावर तुमचा सगळा इतिहास ठरतो.

मग चाचणी. मी अजूनही तीच ऑर्डर वापरते: १ एप्रिल, रात्री २ वाजून १० मिनिटं. तिच्या जोडीला ३१ मार्च रात्री ११:५०, आणि न्यूयॉर्कचे ते दोन दीड. या चार रो टाकून रिपोर्ट तीन वेळा चालवा: मशीनचा झोन एकदा एशिया/कोलकाता, एकदा यूटीसी, एकदा अमेरिका/न्यूयॉर्क ठेवून. तिन्ही वेळा दोन दहाची ऑर्डर एप्रिलमध्ये पडली, अकरा पन्नासची मार्चमध्ये राहिली आणि दोन दीड वेगवेगळे निघाले, की बदल कोडच्या मुख्य शाखेत घ्या आणि लेखा विभागाला नवीन रिपोर्ट पाठवा.